विहिणीला न दिलेल्या शिव्या

फ्लेक्सवर काकूच्या मानेखाली दुसऱ्याच बाईचं शरीर होतं.

काकूच्या तेरवीला आम्ही बुलढाण्याहून सकाळीच निघालो होतो. धाड गाव मागे टाकून आमच्या गावच्या फाट्यावर वळलो आणि सगळ्यात आधी दिसला तो हा फ्लेक्स. चेहरा काकूचा, तोही चांगला उजळवलेला. खाली मोतिया रंगाची साडी, डोक्यावरून पदर, जोडलेले हात आणि त्या हातांना लांब, निमुळती नखं. काकूची नखं जन्मात कधी वाढली नाहीत. तिच्या तळहातावर तंबाखू मळून मळून एक पिवळट डाग कायमचा बसला होता, तो साबणानं जायचा नाही आणि तिला तो घालवायचाही नव्हता. फ्लेक्सच्या कोपऱ्यात एका पुढाऱ्याचा फोटो होता, काकूपेक्षा मोठा आणि हसरा. त्यानं काकूला कधी पाहिलंही नसेल. खाली शोकाकुल म्हणून चाळीसेक नावं, आणि मधोमध सोनेरी अक्षरात : शांत, सोशिक, धर्मपरायण.

मला शिसारी आली. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की ते तीन शब्द माझेच होते.

थोरल्या चुलतभावानं फोन केला होता. तेरवीचं सगळं त्याच्याकडे होतं. मी शाळेत, स्टाफरूममध्ये, पुढचा तास सुरू व्हायला पाच मिनिटं. "बाई, तू मराठीची मास्तरीन हायस. काकूसाठी दोन-तीन चांगले शब्द सांग. फ्लेक्सवाला खोळंबून राह्यला." मी खडू शोधत होते. अशा वेळी जे शब्द लागतात ते मला तोंडपाठ आहेत, कोणाच्याही निरोपसमारंभाला, कोणाच्याही शोकसभेला तेच काढून देते. ते दिले, तासावर गेले आणि पोरांना विशेषणं शिकवली. चेष्टा करत नाही, खरंच त्या दिवशी विशेषणंच होती.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका तापानं गेले तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. मूलबाळ नाही. माहेरी जाऊन बसली नाही, आमच्याच घरात राहिली, शेतात राबली आणि राहिलेला सगळा वेळ मजेत घालवला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आठवडी बाजाराला धाडला जायची तर जीपमध्ये पुढच्याच सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी. मागे जागा असली तरी पुढेच. तिथं आधी कोणी गडी बसलेला असला तर त्याला म्हणायची, "उतर बे, मागं बस. मले समोरचं पाह्यचं हाय." आणि तो उतरायचा. जत्रेत पाळण्यात बसायची, वर गेली की खालच्या लोकांवर शेंगांची टरफलं टाकायची. चाळिशीत सायकल शिकली. शिकवायला आम्ही पोरी, आणि पडली की हसायला सगळी गल्ली. ती पडल्या पडल्या आमच्याआधी हसायची. देवळात जायची ते भंडाऱ्याच्या दिवशी, वांग्याच्या भाजीसाठी. उपास तिनं फक्त आजारी असताना केले.

आणि ती गायची. लग्नात, पंगतीत, विहिणीला शिव्या देणारी गाणी.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात वरपक्षाच्या बायका जेवायला बसल्या की मुलीकडच्या बायका गाणं धरतात. नवऱ्या मुलाच्या आईला, म्हणजे विहिणीला, जे सुचेल ते म्हणायचं. तिचं पोट, तिची चाल, तिचा हावरटपणा, तिच्या नवऱ्याचं घोरणं. जितकं वाईट तितकं चांगलं. विहिणीनं रागवायचं नाही, जमलं तर उलट उत्तर द्यायचं. इतर बायका ठरलेली जुनी गाणी म्हणायच्या. काकूला जुनं चालायचं नाही. ती विहीण मांडवात शिरल्यापासून तिच्यावर नजर ठेवायची आणि पंगत बसेपर्यंत गाणं तयार. एकदा वडनेर भोलजीच्या बाजूची एक भरदार विहीण होती, तिच्यासाठी काकूनं धरलेलं मला अजून आठवतं :

ईनबाई बसली व, गाडी झाली जड,
बैल म्हने मालका, आता तूच ओढ.

त्या विहिणीच्या नाकातून वरण आलं. हसून हसून तिला पाठीवर थापा माराव्या लागल्या. जाताना काकूच्या गळ्यात पडून रडली ती मुलीच्या आईपेक्षा जास्त.

आता खरी घाण सांगते. काकू विधवा. म्हणून तिनं हळद लावायची नाही, ओटी भरायची नाही, नवरीला ओवाळायचं नाही, मांडवाच्या मेढीजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. पण गाणं तिचंच पाहिजे. माझ्या लहानपणी मी ऐकलेलं वाक्य आहे, आमच्याच घरातल्या एका मोठ्या बाईचं : "हळदीले नको येऊ, पंगतीले ये." जणू गळा तेवढा सवाष्ण होता आणि बाकीची बाई अशुभ. काकू हळदीच्या वेळी मागच्या अंगणात चुलीपाशी बसायची आणि पंगतीच्या वेळी पुढे येऊन असं काही गायची की मांडव डोक्यावर घ्यायची. तिला राग यायचा का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी तेव्हा लहान होते असं म्हणायला आवडेल, पण मोठी झाल्यावरही विचारलं नाही.

मी बी.एड.ला पुण्याला गेले. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात एका मुलीला म्हणाले, "थांब, मी येऊन राह्यली." बस. वर्षभर माझं नाव 'येऊन राह्यली' पडलं. जेवणाच्या रांगेत, बाथरूमच्या दारात, वर्गात. त्या मुली वाईट नव्हत्या, त्यांना गंमत वाटायची. मी दाराआड उभी राहून 'मला, मला, मला' घोकलं. सहा महिन्यांत माझी भाषा अशी धुऊन निघाली की सुट्टीत घरी गेले तर काकू म्हणाली, "काऊन वं, तोंडात साखरंचा खडा ठेवला का?" सगळे हसले. मी नाही हसले. मला त्या वेळी तिचीही लाज वाटली आणि माझीही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, तिच्याच कंपनीतला. मी विहीणबाईंना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी सुती साडी नेसली होती, बोलणं मऊ, प्रत्येक वाक्य पूर्ण. मी घरी येऊन पडद्यांची धूळ झटकली. महिनाभर मी माझ्या बोलण्याला कान लावून होते. लग्न बुलढाण्यात, चिखली रोडच्या एका मंगल कार्यालयात. फुलांची कमान, सूत्रसंचालन करणारी मुलगी, जेवणात तीन प्रकारची आइस्क्रीमं. गावाकडचं कमीत कमी दिसावं असं सगळं मी बेतलं होतं, आणि ते बेतताना मला अजिबात घाण वाटली नव्हती हे इथं लिहून ठेवते.

काकू गावाहून जीप करून आली, बरोबर चार बायका. तिच्या साथीच्या. महिनाभर तिची तयारी चालली होती म्हणे. मुलीचा साखरपुड्याचा व्हिडिओ शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून तिनं विहीणबाईंची चाल पाहून घेतली होती. सकाळी नऊ-साडेनऊला मी वधूपक्षाच्या खोलीत गेले, तर त्या पाचजणी गादीवर गोल करून बसलेल्या, काकू हातानं ठेका धरून हळू आवाजात काहीतरी म्हणतेय आणि बाकीच्या तोंडावर पदर दाबून हसतायत. मी आत गेल्यावर तिनं गाणं थांबवलं. "तुले आता नाही आयकवत. तिथंच आयक."

मी त्या चौघींना चहाला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"काकू, आज गाणं नको."

"काऊन?"

"ती पुण्याची माणसं आहेत गं."

"मंग? पुन्याच्या बायकाईले पोट नसते का?"

मला हसू यायला हवं होतं. मला घाम फुटला. "त्यांच्याकडे असं नसतं. त्यांना कळायचं नाही. उगाच गैरसमज होईल, पोरीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल." पोरीचं नाव पुढे केलं की कोणीही गप्प बसतं, हे मला ठाऊक होतं.

काकूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या पोराला ताप आहे का ते बघतात तसं. म्हणाली, "शिवी नाही देली तं ते पाहुनीच राह्यली ना वं. ईन कशी होईन?"

"काकू, प्लीज."

मी तिला प्लीज म्हणाले. तिच्याशी हा शब्द मी आयुष्यात कधी वापरला नव्हता.

"बरं," ती म्हणाली. कमरेची तंबाखूची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली आणि दार उघडून त्या बायकांना हाक मारली. "चला वं बायाहो, जेवून घ्या. आज आपल्याले काम नाही."

पंगतीच्या वेळी ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आइस्क्रीम खात होती. स्पीकरवर सनई चालू होती, रेकॉर्ड केलेली. मुलीनं स्टेजवरून मला खुणेनं विचारलं, काकूआजी कधी गाणार? मी घड्याळ दाखवलं, वेळ नाही असं. तिला खरं कारण मी कधी सांगितलं नाही. विहीणबाई जेवताना दोनदा मागे वळून बघत होत्या, मला वाटलं वाढपी हवाय. मी स्वतः जिलेबी घेऊन गेले.

त्यानंतर काकू कुठल्याच लग्नात गायली नाही. बोलवायचे सगळे. ती म्हणायची, दम लागतो. पुढच्या वर्षी चुलतभावाच्या मुलीचं लग्न गावातच होतं, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि लाडात म्हणाले, "काकू, आता म्हण की, इथं सगळी आपलीच माणसं आहेत." तिनं वाल निवडता निवडता मान वर केली नाही. "तू लिहून दे वं चांगल्या भाषेत. मी वाचून दाखवते." ती हसत होती, पण मी तिथून उठले. पुन्हा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही. बाकी ती होती तशीच होती, जीपमध्ये पुढे बसत होती, जत्रेला जात होती. फक्त गाणं गेलं. लोक म्हणाले, वय झालं. मी पण म्हणाले. होळीच्या आधी एका दुपारी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती कलली आणि गेली.

तर तेरवी. मंडपात काकूचा तोच फ्लेक्सवरचा फोटो फ्रेम करून ठेवला होता, परक्या हातांसकट. एकेक जण फुलं वाहायचा, मोबाइलवाल्याकडे बघून थांबायचा, फोटो निघाला की सरकायचा. चुलतभावाच्या सुनेनं तर फोटोशेजारी बसून स्वतःचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, रडक्या चेहऱ्यांची रांग लावून. पलीकडे वरण-बट्ट्यांच्या तुपाचा वास, बुंदीची परात, तिच्यावर माश्या. दोन पाहुणे फोटोच्या टेबलाखाली पचकन थुंकले आणि एकमेकांना सोयाबीनचा भाव विचारू लागले.

मग माइक आला. ज्या घरानं तिला हळदीला हात लावू दिला नाही, त्या घरातला प्रत्येकजण उठून तिला लक्ष्मी म्हणाला. चुलतभाऊ म्हणाला, "काकूनं कधी आवाज चढवला नाही." मी वर पाहिलं. कोणी हसलं नाही. काकूनं आवाज चढवला नाही! तिचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा. दुसरा एकजण म्हणाला, ती सतत नामस्मरणात असायची. तिसऱ्यानं, म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, 'विरक्त' असा शब्द वापरला. पाळण्यातून शेंगांची टरफलं टाकणारी विरक्त. मला वाटलं, उठावं आणि माइक हिसकावून घ्यावा आणि सांगावं की ही बाई तंबाखू खायची, तोंडानं घाण बोलायची, आणि तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जगली. ओकारी यावी असं ते गोडगोड बोलणं एकेकाच्या तोंडातून सांडत होतं.

"आता आपल्या मास्तरीन बाई दोन शब्द बोलतील."

मी उठले. माइक हातात घेतला. समोर त्या चौघी साथीच्या बायका बसल्या होत्या, एका रांगेत. त्यांना माहीत होतं. लग्नाच्या दिवशी चहाला कोणी पाठवलं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मी म्हणाले, "काकू म्हणजे आमच्या घराचा आधारवड." पुढे काय बोलले ते लिहीत नाही. तीन मिनिटं बोलले. शुद्ध भाषेत बोलले. लोकांनी डोळे पुसले. त्या चौघींनी नाही पुसले. खाली बसल्यावर मला इतरांची घाण वाटेना, कारण ती सगळी माझ्याच अंगाला येत होती.

विहीणबाई पुण्याहून आल्या होत्या, मुलगी-जावयाबरोबर, पहाटे निघून. कोणी त्यांना खुर्ची दिली तर नको म्हणून पंगतीत खाली बसल्या. जेवण झाल्यावर मागच्या अंगणातल्या नळाशी हात धुवायला आल्या, तिथं मी उभी होते.

"एक विचारू का? राग मानू नका," त्या म्हणाल्या. "लग्नात काकूंना आमचं काही खटकलं होतं का?"

"नाही हो. असं का वाटलं?"

"तुमच्या मुलीनं आम्हाला साखरपुड्यापासून सांगून ठेवलं होतं, काकूआजी तुम्हाला पंगतीत शिव्या घालणार म्हणून. मी तर वाटच बघत होते. माझं माहेर जुन्नरकडच्या खेड्यातलं. माझ्या लग्नात आमच्या बायकांनी माझ्या सासूबाईंना असं झोडपलं होतं की त्या शेवटपर्यंत येईल त्याला सांगायच्या. म्हटलं, आता आपला नंबर. मी आणि माझ्या बहिणीनं मिळून उत्तर रचलं होतं, चार ओळी. पर्समध्ये कागद घेऊन जेवायला बसले होते मी. पंगत उठली तरी कोणी काही म्हणेना. मग काय समजायचं ते समजले. आम्ही काही त्यांच्या मनाला आलो नाही."

माझ्याजवळ खोटं तयार होतं. घसा बसला होता म्हणायचं, की संपलं. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"मीच त्यांना गाऊ दिलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही हसाल म्हणून. आम्हाला गावंढळ समजाल म्हणून."

विहीणबाईंनी नळ बंद केला. पाणी थांबलं तरी त्या हात तसेच धरून उभ्या होत्या.

"म्हणजे मी तशी आहे, हे तुम्ही ठरवलंत."

"हो."

"आणि त्यांना काय सांगितलंत? मला चालणार नाही, असं?"

"हो."

"तीन वर्षं त्या बाईंना तेच वाटत राहिलं असेल." त्यांचा आवाज मऊच होता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर किळस होती, स्वच्छ, न लपवलेली. "एकदा मला विचारायचं तरी."

त्या पदराला हात पुसत मंडपात गेल्या आणि त्या चौघींच्या शेजारी, सतरंजीवर जाऊन बसल्या. मी नळापाशीच राहिले. विचारायला हवं होतं, दोघींनाही. पण मला लग्नाच्या दिवशी फक्त माझी लाज वाचवायची होती. ती वाचली. काकू पुन्हा गायली नाही.